दसऱ्याच्या पूजेतला तुटका बोल्ट

पाहुणे,

तुमच्या शोकेसमधला तो तुटका बोल्ट परवा ताईंनी माझ्या हातात ठेवला. दोन तुकडे, आणि त्यांवर इतक्या दसऱ्यांचं हळदकुंकू साचून बसलेलं. "आता हा तुम्ही ठेवा," म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो ताई, हा तर त्यांनी मला टोमणा मारायला जपला होता. आता टोमणा मारणार कोण?" हसण्यावारी न्यायला गेलो, पण त्या हसल्या नाहीत. मला बसवलं, चहा टाकला आणि त्या बोल्टाची खरी गोष्ट सांगितली. ती ऐकून मी चहा तसाच ठेवून घरी आलो. तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि मी तुमच्याशी भांडायला बसलोय. बसा समोर. तुम्ही काही बोलणार नाही हे मला माहीत आहे. तसंही आयुष्यभर मीच बोलत आलो.

एका घरच्या दोघी बहिणी आपल्याला दिल्या, म्हणून आपण साडू. थोरल्या ताई तुम्हाला, धाकटी शोभा मला. तुम्ही सटाण्याकडचे, मोजकं बोलणारे. मी मखमलाबादच्या फुलवाल्यांच्या घरातला, तोंडाला कुलूप नसलेला. साडूसाडूंनी मिळून ट्रक घ्यायचा म्हटल्यावर दोन्हीकडच्या भाऊबंदांनी डोक्याला हात लावला होता. सासरे तेवढे तयार झाले, पण निघताना आपल्या दोघांना ओट्यावर बसवून म्हणाले, "गाडीवरून तुमचं फाटलं ना, तर माझ्या पोरी एकमेकींचं तोंड बघणार नाहीत. एवढं ध्यानात ठेवा आणि मग काय ते करा." तेव्हापासून आपण दोघं गाडीपेक्षा एकमेकांनाच जास्त सांभाळून चालवत होतो. तुम्ही मला पाहुणे म्हणायचे, मी तुम्हाला पाहुणे म्हणायचो. एका स्टेअरिंगला दोन पाहुणे.

कामाची वाटणी आपोआप झाली. भरलेली गाडी घेऊन कसाऱ्याचा घाट उतरायचा म्हटलं की माझ्या तळहाताला घाम सुटायचा. मुंबईच्या बाजारात दलालांशी बोलायचं म्हटलं की तुमच्या. मग दिंडोरीहून टोमॅटोचे कॅरेट भरले की गाडी तुम्ही न्यायची, बाजारात तोंड मी चालवायचं, आणि रिकामी गाडी मी वर आणायची. तुम्ही चालवायचात तेव्हा मी केबिनमधल्या मागच्या फळीवर घोरायचो, मी चालवायचो तेव्हा तुम्ही. इतकी सोयीची वाटणी की आपण कधी ती बदललीच नाही. पुढे तीच नडली.

ते टायर आपण गणपतीत घातले, आठवतंय? पुढचे दोन, कोरे करकरीत. तोवर आपण पुढच्या चाकांनाही कधी जुने, कधी नवं रबर चढवलेले रिमोल्ड असंच भागवत होतो. या वेळी मी हट्ट धरला, टायर मी पसंत केले, रबराचा वास घेऊन पाहिला, दुकानदाराशी तासभर वाद घातला. तुम्ही मागे हात बांधून उभे होतात. ताईंनी नारळ फोडला, दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढे घेतली तर उजवीकडचं लिंबू चिरडलं आणि डावीकडचं सटकून गटाराच्या कडेला जाऊन पडलं, अख्खंच्या अख्खं. ताईंचा चेहरा पडला. मी ते उचलून आणलं, परत चाकाखाली ठेवलं आणि म्हटलं, "त्याला पहिल्यांदा मुहूर्त कळला नसेल." तेवढ्यावर तुम्हीही हसलात.

पुढच्याच फेरीला बाजारात उतरता उतरता तुम्ही मला म्हणालात, "पाहुणा, गाडी डाव्या अंगले वढस."

मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, नवे टायर आहेत, बसतील रस्त्यावर दोन दिवसांत. येताना मी मुद्दाम लक्ष ठेवून चालवली. इगतपुरीच्या पुढे सरळ रस्त्याला दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले. गाडी नाकासमोर चालली होती. घरी आल्यावर तुम्हाला सांगितलं, "काही ओढत नाही." तुम्ही मान डोलावली. त्यापुढच्या फेरीला पुन्हा तेच. तुम्ही म्हणायचे वढस, मी म्हणायचो नाही. आवाज कुणी चढवला नाही, पाहुणे होतो ना आपण! पण खरं सांगतो, मला राग यायला लागला होता. टायर माझ्या पसंतीचे. तुम्ही गाडीला नाव ठेवताय की माझ्या पसंतीला, हे मला कळेना. आणि तुम्हीही, मला वाईट वाटू नये म्हणून, "वढस" हा शब्द दर वेळी थोडा हळू आवाजात काढायला लागलात. त्याचा मला आणखी राग यायचा.

तरी आपण काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. दोन्ही टायरांत हवा सारखी आहे का ते पाहिलं. एका बाजूचा ब्रेक धरून राहतोय का म्हणून चालवून आल्यावर दोन्ही ड्रमना हात लावून पाहिले, दोन्ही सारखेच कोमट. मी म्हटलं, रस्त्याचाच उतार कडेला असतो, गाडी थोडी डावीकडे जाणारच. तर तुम्ही पुढच्या फेरीला मोकळा रस्ता बघून, रस्त्याच्या चुकीच्या बाजूनं चालवून आलात. तिथे उतार उजवीकडे, तरी गाडी डावीकडेच. मग एका दुपारी नाक्यावर गाडी लावून तुम्ही एकट्यानं पुढची दोन्ही चाकं उतरवली आणि डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे केलं. टायरात खोट असेल तर ओढ बाजू बदलेल, हा तुमचा हिशेब. फेरी करून आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! "पाहुणा, तुमना टायर चांगला शेतस. ओढ काही हालनी नही."

मला वाटलं होतं, आता तरी तुम्ही ओढ हा शब्द टाकाल. तुम्ही माझ्या टायरांना निर्दोष सोडवून आणलं होतं, ते सोडून मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

मग अलाइनमेंट. नाक्यावर जो अलाइनमेंटवाला होता, त्याच्याकडे गाडी लावली. त्यानं मापं घेतली, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, आणि पुसायच्या फडक्याला हात पुसत म्हणाला, "भाऊ, गाडी एकदम सरळ हे. काही दोष नाय. आता एकदा डायवरच्या हाताचं अलाइनमेंट करून घ्या." तिथे उभे होते ते सगळे हसले. मी हसलो. तुम्हीही हसलात, पाहुणे, मला आठवतंय. इतरांपेक्षा थोडे जास्तच.

आता कुणीही म्हणेल, एवढं सगळं तपासलं तर सापडलं कसं नाही. अहो, माझी आणि मिस्तरीची प्रत्येक तपासणी रिकाम्या गाडीवर झाली! गॅरेजला टोमॅटो भरून कोण जातं? गाडी भरली की तुमच्या हातात, रिकामी झाली की माझ्या आणि मिस्तरीच्या. तुम्ही खरं बोलत होतात. मीही खरं बोलत होतो. आपण दोन वेगळ्या गाड्या चालवत होतो म्हणा ना.

पितृपक्ष लागला आणि तुम्ही विचित्र वागायला लागलात. एक दिवस सटाण्याला जाऊन आलात, कशाला तर म्हणे लग्नाला. मी म्हटलं, "पितृपक्षात कुणाचं लग्न लावलं?" तुम्ही गडबडून म्हणालात, "साखरपुडा होता." जसा काही साखरपुडा पितृपक्षात चालतो! खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलंच नाही. दुसऱ्या एका सकाळी मी तुमच्याकडे आलो तर अंगणात तुम्ही दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या घेऊन चालत होतात. नळापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून नळापर्यंत. ओतत कुठेच नव्हतात. मध्येच थांबून फरशीवर कोणत्या बाजूला जास्त सांडलंय ते बघत होतात. मी फाटकातूनच ओरडलो, "काय ताई, पाहुण्यांना पाणी भरायला लावलंत की काय?" तुम्ही बादल्या खाली ठेवल्यात आणि म्हणालात, "चहा घ्या." मी चहा घेतला. मला वाटलं, पाठीचा काही व्यायाम असेल.

मग तो दिवस. दिंडोरीहून गाडी भरली, दुपार कलायला आली होती. तुम्ही चावी माझ्यापुढे धरलीत. "आज नाक्यापर्यंत तुम्ही धरा." मी म्हटलं, "का हो, बरं नाही का?" तर म्हणालात, "घाट नाही ना मधे. धरा." आणि जाऊन डाव्या बाजूला खिडकीशी बसलात. झोपलात मात्र नाही. हात मांडीवर ठेवून माझ्या हातांकडे बघत होतात. मला कसंसंच झालं. नव्यानं सून आणल्यावर सासू पोळी लाटताना बघते ना, तसं.

म्हसरूळच्या अलीकडे रस्ता सरळ झाला. मी जरा पकड सैल केली, आणि गाडी डावीकडे निघाली की! हळू नाही, चांगली निघाली. मी ओढून सरळ केली. परत सैल सोडली, परत तेच. मी मोठ्यानं ओरडलो, "अहो पाहुणे, ओढतेय ही!"

तुम्ही म्हणालात, "तुमना हातमा बी?"

"माझ्या हातात म्हणजे? ओढतेय म्हणतोय ना!"

"बी? तुमना हातमा बी वढस?"

असं तीनदा विचारलंत, आणि मग हसायला लागलात. मी तुम्हाला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तुम्ही पंच्यानं पुसत होतात आणि हसत होतात. मला वाटलं, हे माझी जिरवतायत. इतके दिवस नाही म्हणत होतास ना, घे आता. माझे कान तापले. मी गाडी बाजूला एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात घेतली. पितृपक्ष म्हणून तिथे चिटपाखरू नव्हतं, आणि जमीन सपाट होती.

पुढचं श्रेय मात्र माझं, ते मी कुणाला देणार नाही. ताडपत्रीची सुतळी काढली. आमच्या घरी निशिगंधाचे वाफे दोरी ताणून आखतात, लहानपणापासून तेच केलेलं. चाकं सरळ केली, पुढच्या चाकाच्या बरोबर मध्यावर दोरी धरायला तुम्हाला बसवलं आणि उजव्या बाजूनं मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणून गाठ मारली. मग तीच दोरी डाव्या बाजूला नेली. गाठ मागच्या मध्यावर धरली, आणि दोरी मध्ये सैल पडली. दोन बोटं सैल. म्हणजे डावीकडचं पुढचं चाक दोन बोटं मागे सरकलेलं. चाक मागे सरकलं म्हणजे गाडी त्या बाजूला वळू बघणारच.

माल दुसऱ्याच्या गाडीत घालून मुंबईला पाठवला आणि आपण गॅरेजला गेलो. पुढच्या डाव्या चाकावरची स्प्रिंगच्या पाट्यांची जुडी सोडवली तर आतून सेंटर बोल्ट दोन तुकड्यांत हातात आला. पाटे आणि खालचा आस एकमेकांना जागेवर धरून ठेवायचं काम त्याचं. तोच तुटलेला. रिकाम्या गाडीला आस जागेवर बसलेला दिसायचा. वजन पडलं, ब्रेक लागला, की सरकायचा मागे. मिस्तरीनं तुकडे भंगाराच्या डब्यात टाकले. तुम्ही वाकून ते उचललेत, रुमालात बांधलेत आणि खिशात ठेवलेत.

बारा-तेरा दिवसांवर दसरा होता. खंडेनवमीला पूजा मांडली, जॅक, पाने, टॉमी, आणि त्यांच्या मध्ये तो तुटका बोल्ट. ताईंनी त्यालाही हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, "पाहुणे, पुरावा पूजेला ठेवलात का?" तुम्ही नुसते हसलात. दुसऱ्या वर्षी परत तेच, तिसऱ्या वर्षी परत. जुनी गाडी गेली, नवी आली, पाने बदलले, पण बोल्ट दर दसऱ्याला पाटावर. एरवी शोकेसमध्ये, तुमच्या नातवंडांच्या फोटोंच्या रांगेत. मी आलो की माझी नजर आधी तिकडे जायची. "काय, अजून माफ केलं नाही वाटतं?" असं मी म्हणायचो, आणि तुम्ही "चहा घ्या" म्हणायचे. मनात म्हणायचो, माणूस बोलत नाही पण टोचतो मात्र नेमका.

एक वाद तर आपला शेवटपर्यंत मिटला नाही. बोल्ट तुटला कधी? तुमचं म्हणणं, तो कितीतरी आधी तुटलेला होता. जुने टायर त्या तिरक्या चालीनं तिरकेच झिजले, तेही वाकडे आणि गाडीही वाकडी, म्हणून कुणाला कळलं नाही. नवे टायर आले आणि खोट उघडी पडली. माझं म्हणणं, बोल्ट गणपतीनंतरच तुटला, तोवर गाडी ठणठणीत होती. या वादात आपण किती चहा प्यायलो याची गणती नाही. आता तुम्ही नाही म्हणून मी माझं म्हणणं सोडेन असं समजू नका. बोल्ट नंतरच तुटला.

तर ताईंनी परवा काय सांगितलं ते ऐका. म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, पण मला माहीत झालंय हे तुम्हाला कळायला हवं.

त्या म्हणाल्या, अलाइनमेंटवाल्याचं बोलणं यांनी मनाला लावून घेतलं होतं. तुम्ही जेवताना हात समोर धरून बघत बसायचे. त्यांना म्हणायचे, "गाडीमा काही नही. मनाच हात वाकडा व्हई ग्यात." माझेच हात वाकडे झालेत म्हणून. सटाण्याला गेलात ते डोळे तपासायला. बादल्या उचलायचात ते कोणता हात ओढतोय ते बघायला. मी सांगतोय गाडी ओढत नाही, मिस्तरी सांगतोय ओढत नाही, तर खोट आपल्यातच, असं तुम्ही ठरवून टाकलं होतं. आणि भरलेली गाडी घेऊन घाट उतरायचा, मागे फळीवर साडू झोपलेला. तुम्ही ताईंना म्हणालात, माझ्या हातानं काही झालं तर शोभाला काय तोंड दाखवू? दसऱ्याला गाडी पाहुण्यांच्या नावानं करून देतो आणि मी गावाकडे जातो. पितृपक्षात असलं बोलायचं नाही, दसऱ्याला सांगतो, एवढ्यावर ते थांबलं होतं.

त्या दिवशी चावी दिलीत ती शेवटचं बघायला. माझ्या हातात गाडी सरळ चालली असती तर तुम्ही गाडी सोडलीच होती. आणि मला वाटलं, तुम्ही माझ्यावर हसलात!

"घरी आले ते पोरासारखे नाचत," ताई म्हणाल्या. "बोल्ट माझ्या हातात ठेवला न म्हणाले, मना हात चांगला शेतस वं. पाहुण्याच्या हातात बी ओढली." मी विचारलं, "ताई, मग मला इतक्या वर्षांत एकदाही का सांगितलं नाही?" तर म्हणाल्या, "मी म्हणायची सांगा म्हणून. पण त्यांना वाटायचं, तुम्ही हसण्यावारी न्याल."

आणि मी नेलंच असतं, पाहुणे. दहा ठिकाणी सांगितलं असतं, बादल्यांची नक्कल करून दाखवली असती. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतं.

त्या दसऱ्यानंतर तुम्ही किती वर्षं घाट उतरलात. मी मागे निर्धास्त घोरत पडायचो. त्या झोपेबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत, ती मला रोजच्या भाकरीसारखी वाटायची. शोभा आणि ताई आजही रोज फोनवर तासभर बोलतात, आपली बिलं वाढवतात. सासरे असते तर त्यांना दाखवलं असतं. एका बोल्टावर त्यांच्या पोरींचं बोलणं टिकलं होतं, आणि मला वाटायचं, ते माझ्या गोड बोलण्यावर टिकलंय.

बोल्ट मी माझ्याकडे आणलाय. शोकेस आमच्याकडे नाही, देवाच्या कोनाड्यात ठेवलाय. शोभानं विचारलं, "हा इथे कशाला?" मी तिला सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच एखादी गोष्ट सांगताना नक्कल केली नाही. येत्या दसऱ्याला तो पाटावर असेल. कुंकू मी लावीन.

आणि त्या अलाइनमेंटवाल्याच्या दारात, सगळे हसत होते तेव्हा, जे मी म्हणायला हवं होतं, ते आता ऐका. गाडीच ओढत होती, पाहुणे. तुमचे हात सरळ होते.